पोरांच्या खोपटाला रंग देताय? आधी डबा बघा

सुट्टी लागली की वाड्या-वस्त्यांवर अंगणात पोरांची खोपटी उभी राहतात. चार बांबू, कुडाच्या भिंती, वर पाचट. मग दारावर नाव हवं, हाताचे ठसे हवेत. हवेतच, त्याशिवाय घर ‘माझं’ कसं वाटणार?

घोटाळा होतो तो माळ्यावरच्या जुन्या ऑइलपेंटने. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या डब्यात किती असेल, सांगता येत नाही. रंगाची खपली पोटात गेली तर शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. आणि पोरं तोंडात काय घालतील, नेम नाही.

त्यापेक्षा भिंत शेणामातीने लिंपा, वर गेरू फिरवा. वाळल्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्यात हात बुडवून पोरांनाच ठसे उमटवू द्या. पालघरकडे वारली चित्रं अशीच निघतात. पावसाने पुसलं तर पुन्हा काढायचं, पोरांना तेवढंच काम!

फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे मात्र सजावटीला नकोत, धुतलेलेही नकोत. आणि खेळायला जाण्याआधी पाचट काठीने हलवून बघा, विंचू तिथेच दडतो.