उंबरठ्याआडचा संसर्ग

आरोग्यसेवा घरोघरी पोहोचावी, असे सारेच म्हणतात. परंतु ती पोहोचविणाऱ्याच्या जिवाची काळजी बहुधा रुग्णालयाच्या फाटकापाशीच थांबते. रुग्णालयात निदानाची नोंद, वेगळा कक्ष, हात धुण्यास पाणी असते. रुग्णवाहिकेवरील कर्मचारी मात्र आजाराचे नावही ठाऊक नसताना बंद खिडक्यांच्या अरुंद खोलीत शिरतो. खोकल्यातून पसरलेले क्षयाचे जंतू अशा कोंदट हवेत तासन्‌तास तरंगतात. कापडी मुखपट्टी त्यांना पुरेशी अडवीत नाही. वापरलेली सुई बोटात शिरली, तर ‘ब’ प्रकारच्या काविळीची बाधा होऊ शकते.

२००३ साली टोरांटोत सार्सची साथ आली, तेव्हा रुग्णवाहिकांवरील शेकडो कर्मचाऱ्यांना विलगवासात राहावे लागले. सेवकच घरी बसले, तर रुग्णाकडे धावणार कोण?

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. अशा प्रत्येक सेवेत एन-९५ मुखपट्टी, काविळीची लस, सुयांसाठी भक्कम डबा आणि बाधा झाल्यास भरपगारी रजा ही मेहेरबानी नव्हे, हक्क मानला पाहिजे. घरच्यांचेही कर्तव्य आहेच: खिडक्या उघडाव्यात आणि जुना खोकला लपवू नये. त्यास पैसा लागत नाही.