चित्र का हलले नाही

जपानी अॅनिमेबद्दल एक तक्रार मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे: यांची चित्रे हलतच नाहीत. पात्र बोलते तेव्हा नुसते ओठ उघडतात आणि मिटतात. वाऱ्यावर केस उडतात, पण चेहरा तसाच. मारामारीच्या ऐन क्षणी दोघे जागच्या जागी आणि मागे रेघा धावताहेत. डिस्नेचे चित्रपट बघत वाढलेल्यांना यात कंजुषी दिसते, आणि ती आहेही. पण इतकी वर्षे अॅनिमे बघताना, मैत्रिणींशी त्यावरून तावातावाने भांडताना आणि अधूनमधून लिहिताना मी पुन्हा पुन्हा याच प्रश्नाशी येऊन थांबले आहे. कथा आवडली की नाही, हे चटकन सांगता येते. अमुक ठिकाणी चित्र का हलले नाही, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

उत्तराची सुरुवात पैशांपासून होते. १ जानेवारी १९६३ रोजी मांगाकार ओसामु तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘अॅस्ट्रो बॉय’ फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. हालचाल सफाईदार हवी तर त्यासाठी १२ ते २४ चित्रे काढावी लागतात. तेझुकांनी एकच चित्र तीन चौकटी चालवले, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. त्यातलीही बरीच जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा वापरली. शिवाय मालिका वाहिनीला खर्चापेक्षा कमी भावाने विकली आणि तूट खेळण्यांच्या परवान्यांतून आणि परदेशातल्या विक्रीतून भरून काढायचे ठरवले. मालिका तुफान गाजली आणि तो कमी भाव साऱ्या धंद्याचा भाव झाला. १९८९ मध्ये तेझुका गेले, तेव्हा दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी या वारशाबद्दल अतिशय कडवट शब्दांत लिहिले. मला दोघांचेही पटते. तेझुकांनी तो व्यवहार केला नसता तर दर आठवड्याला दिसणारे अॅनिमे एवढ्या लवकर जन्मलेच नसते. आणि केला म्हणून चित्र काढणारी पोरे आजवर त्याची किंमत मोजताहेत.

आमच्या पिढीला यातले काहीच माहीत नव्हते. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचे, ते जपानी आहे हेही कुणी सांगितले नव्हते. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज. इतक्या गोष्टी आपल्या असल्यावर मोगली परका वाटणार कसा? ती मालिका निप्पॉन अॅनिमेशन या स्टुडिओने १९८९-९० मध्ये ५२ भागांत केली होती. ज्या मंडळींतून हा स्टुडिओ उभा राहिला, त्यांनीच १९७४ मध्ये ‘हायडी’ केली होती. इसाओ ताकाहाता दिग्दर्शक आणि चौकटींची मांडणी मियाझाकींकडे. आल्प्समधल्या एका मुलीची गोष्ट टीव्हीसाठी करायची म्हणून ही माणसे आधी स्वित्झर्लंडला जाऊन घरे, कुरणे, भांडीकुंडी बघून आली. ‘हायडी’त मोठ्या घटना थोड्याच. विस्तवावर चीज वितळते, मुलगी गवताच्या अंथरुणावर अंग टाकते, शेळ्या डोंगर चढतात. हाताशी असलेली मोजकी चित्रे नेमकी कशावर खर्चायची, हे ताकाहातांनी ठरवले होते, आणि त्यांनी ती रोजच्या साध्या कामांवर खर्चली. त्यांच्या कामाबद्दलचा माझा आदर तिथून सुरू होतो.

पण या टंचाईतून सर्वांत देखणे काही कुणी घडवले असेल, तर ते ओसामु देझाकींनी. मुशी प्रॉडक्शनमध्येच ते तयार झाले. १९७० मध्ये त्यांनी ‘अशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची मालिका हाती घेतली. मूळ मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, लोकप्रियता एवढी, की त्यातला जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मेला तेव्हा २४ मार्च १९७० रोजी प्रकाशकांच्या, कोदान्शाच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामा त्यात पुढे होते आणि शेकडो चाहते आले होते. अशा प्रेक्षकांसमोर देझाकींनी काय केले? भावना शिगेला पोहोचली की ते चित्र थांबवत. नुसते थांबवत नसत. सपाट रंगातली चौकट त्या क्षणी खडूने किंवा जलरंगाने काढल्यासारख्या चित्रात बदलून जाई. एकच ठोसा ते तीनदा लागोपाठ दाखवत. पुढे ‘रोज ऑफ व्हर्साय’ ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली मालिका अर्ध्यावर त्यांच्याकडे आली (१९७९-८०), आणि तिच्या उत्तरार्धात या थांबलेल्या चौकटींना शोकांतिकेचे वजन आले. पैसे वाचवायची युक्ती इथे बोलायची रीत झाली. देझाकी २०११ मध्ये गेले. मांगाच्या प्रभावाबद्दल भरभरून लिहिणारेही त्यांचे नाव क्वचित घेतात, याची मला खंत आहे.

थांबलेल्या चित्रातून गोष्ट सांगणे जपानला नवे नव्हते. कामिशिबाईवाले सायकलवरून गल्लोगल्ली फिरत आणि लाकडी चौकटीत चित्रांची पाने सरकवत गोष्ट सांगत. शिगेरु मिझुकींसारखे पुढे नावाजलेले मांगाकार आधी या पानांची चित्रे काढत होते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या चित्रकथीच्या पोथ्या पाहिल्या तेव्हा मला हे अधिक उमगले. चित्र समोर स्थिर असते. हलतो तो सांगणाऱ्याचा आवाज. अॅनिमेत आवाज देणाऱ्या कलाकारांना जपानात नटनट्यांइतका मान का, याचे एक कारण मला इथे सापडते. शेरखान आम्हाला का भिववायचा, याचेही.

यानंतर ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’. प्रचंड यंत्रे चालवून युद्ध लढणाऱ्या मुलांची, हिदेआकी आन्नो यांची ही २६ भागांची मालिका जपानात ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात दाखवली गेली. आमच्यापर्यंत ती बऱ्याच उशिरा, एका हातातून दुसऱ्या हातात फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरून पोहोचली. कुणा चाहत्याने केलेली इंग्रजी सबटायटल्स आणि पडद्याच्या वरच्या कडेला त्याने लिहिलेल्या टिपा. बाविसाव्या भागात लिफ्टमध्ये दोन मुली उभ्या आहेत आणि जवळजवळ मिनिटभर काहीच हलत नाही. चोविसाव्या भागात नायक शिंजीच्या यंत्राच्या मुठीत त्याचा मित्र आहे, आणि पुन्हा तितकाच काळ चित्र गोठलेले. प्रतीक्षा असह्य होते. शेवटच्या दोन भागांत तर युद्ध सोडूनच दिले आहे. एका मुलाच्या मनातली उलटतपासणी तेवढी उरते, तीही कच्च्या रेखाटनांतून आणि संहितेच्या पानांतून.

चाहते खवळले. १९९७ मध्ये ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ हा चित्रपट आला तेव्हा आन्नोंनी स्वतःला आलेल्या द्वेषाच्या मजकुरांची क्षणभर झलक पडद्यावरच दाखवली आणि चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षकही दाखवले. मालिकेच्या या शेवटावर आमच्या गटात किती संध्याकाळी गेल्या! एक बाजू म्हणायची, वेळ आणि पैसा संपला म्हणून असे झाले. दुसरी म्हणायची, हे सगळे ठरवून केले. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या तशा असू शकतात हेच या माध्यमाचे वैशिष्ट्य आहे. जे हातात उरले होते त्यातून आन्नोंनी एकाकी मुलाचे मन उघडे केले. चित्रपट दिपवून टाकतो, तरी मालिकेचाच शेवट मला आजही अधिक जवळचा आहे.

चाहत्यांच्या मालकी हक्काविषयी मात्र सर्वांत निर्भीड बोलले ते सातोशी कोन. ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७) मध्ये गायनाच्या गटातून बाहेर पडून अभिनयाकडे वळलेली मिमा आहे, आणि तिने बदलू नये म्हणून धडपडणारा एक चाहता आहे. तिच्या नावाने कुणीतरी इंटरनेटवर रोजनिशी लिहिते आणि ती वाचून तिलाच स्वतःबद्दल शंका येऊ लागते. समाजमाध्यमे यायला तेव्हा कितीतरी अवकाश होता. कोन यांचा भर चित्रांच्या सफाईपेक्षा एका दृश्यातून दुसऱ्यात उडी कशी मारायची यावर होता. ‘मिलेनियम अॅक्ट्रेस’ (२००१) मधली चियोको धावत सुटते आणि एका धावेत युगे ओलांडते. २०१० च्या ऑगस्टमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ते गेले. वय ४६. पूर्ण लांबीचे चार चित्रपट आणि एक मालिका, एवढेच हाती राहिले.

मधल्या वर्षांत इकडे पुष्कळ काही बदलत होते. २००४ मध्ये अॅनिमॅक्स वाहिनी भारतात आली, पुढे गेलीही. डोरेमॉन आणि शिन-चॅन घराघरांत हिंदी बोलू लागले. २०१९ मध्ये माकोतो शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ चित्रपटगृहांत लागला, तो चाहत्यांनी हजारो सह्यांची मोहीम चालवून मागितला म्हणून. २०२० मध्ये मियाझाकी-ताकाहातांच्या घिब्ली स्टुडिओचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले. बघणे सोपे झाले, याचा मला निर्भेळ आनंद आहे.

त्याच २०१९ मध्ये, १८ जुलैला, क्योतो अॅनिमेशनच्या फुशिमीतल्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली. ३६ जणांचा जीव गेला. आपली कल्पना स्टुडिओने चोरली, असा त्याचा समज होता. २०२४ च्या जानेवारीत क्योतोच्या न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. हा स्टुडिओ इतरांहून वेगळा होता. चित्रामागे मोबदला द्यायच्या धंद्यातल्या रिवाजाऐवजी इथे लोकांना महिन्याचा पगार होता, नव्यांना स्टुडिओतच शिकवले जाई आणि काम करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. नाओको यामादांचा ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ (२०१८) घ्या. सुरुवातीची काही मिनिटे दोन मुली शाळेत शिरून वाद्यवर्गापर्यंत चालत जातात, इतकेच. एकीचे पाऊल हलके आणि मोकळे, दुसरीचे जपून पडणारे. केन्सुके उशिओंचे संगीत त्या पावलांच्या तालातून उगवते. कोण कुणावर किती जीव टाकते, हे एकही वाक्य न उच्चारता कळते. या चित्रपटाची आणि ‘अ सायलेंट व्हॉइस’ची पात्रे रेखाटणारे फुतोशी निशिया त्या आगीत गेले. त्या दिवसानंतर श्रेयनामावली सरकू लागली की मी उठत नाही.

म्हणूनच अलीकडच्या टीकेची एक तऱ्हा मला सहन होत नाही. मालिकेच्या एखाद्या भागात चेहरे बिघडले, हालचाल तुटक झाली, की चाहते त्या भागाच्या दिग्दर्शकाचे किंवा अॅनिमेटरचे नाव हुडकतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. पैसा घालते ती निर्मिती समिती: प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले. स्टुडिओला बहुधा ठरलेली रक्कम मिळते. मालिका गाजली तरी नफा समितीकडे जातो. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे भरणाऱ्या नवख्या मुलाला एका चित्रामागे साधारण दोनशे येन सुटतात. वेळापत्रक त्याने आखलेले नसते. ‘शिरोबाको’ (२०१४-१५) या मालिकेत स्टुडिओतली ही धावपळ प्रेमाने दाखवली आहे. अॅनिमेवर मत मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती बघावी असे मला वाटते. वाईटाला वाईट जरूर म्हणावे, मीही म्हणते. पण घाईमुळे थांबलेले चित्र आणि अर्थासाठी थांबवलेले चित्र यांतला फरक ओळखणे हे समीक्षेचे काम आहे, आणि घाई कुणी केली हे विचारणेही तिचेच.

आता उलटीच गोष्ट समोर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ भारतात लागला, तेव्हा भल्या पहाटेचे खेळही भरले. युफोटेबल स्टुडिओने संगणकावर उभा केलेला तो किल्ला क्षणभरही स्थिर नाही. मजले उलटतात, जिने सरकतात, कॅमेरा दरीत झेपावतो. तंत्र म्हणून हे अद्भुत आहे. तरी दोन तास मला एका गोष्टीची उणीव भासली: या चित्रपटाला थांबायचे भय आहे. जिथे चित्र बोलू शकले असते तिथे पात्रच आपण काय करतो आहोत ते समजावून सांगते. मला तो भिडला तो अकाझा या राक्षसाच्या पूर्वायुष्यात, लढाई मागे पडून एक आजारी मुलगी आणि तिची शुश्रूषा करणारा मुलगा समोर येतात तिथे. ‘फ्रीरेन’ने (२०२३) हा धीर पहिल्यापासून दाखवला होता. राक्षसराजाचा पराभव होऊन गेल्यावर तिची गोष्ट सुरू होते, आणि सोबत्याच्या अंत्यविधीला रडू कोसळलेल्या नायिकेला मालिका पुरेसा अवधी देते. तिचा स्टुडिओ मॅडहाउस, ज्याच्या संस्थापकांत देझाकी होते आणि जिथे कोन यांनी आपले चित्रपट केले.

‘इन्फिनिटी कॅसल’चे आणखी दोन भाग यायचे आहेत. मी पहिल्याच दिवशी जाणार. आमच्या गटातली विशीतली मुले म्हणतात की माझा आग्रह जुन्या सवयीचा आहे, पडदा एवढा मोठा असताना चित्र थांबवायचे कशाला? त्यांना मी ‘अशिता नो जो’चे भाग बघायला दिले आहेत. बघून झाले की बोलू.