ॲडेलचं गाणं लागलं की रडू का येतं?

परवा एका मैत्रिणीने विचारलं, "तू गाण्यांवर पीएचडी करतोस ना? मग 'समवन लाइक यू' लागलं की मला अजून रडू का येतं ते सांग." तिच्या ब्रेकअपला दोन वर्षं झालीत. (मी गाण्यांवर नाही, गाणं ऐकताना लक्ष कुठे जातं यावर काम करतो. पण असो.)

गाणं 2011 चं, '21' या अल्बममधलं. ॲडेल आणि डॅन विल्सन या दोघांनी मिळून लिहिलेलं. जुन्या प्रियकराचं लग्न झालंय आणि ही त्याच्या दारात उभी. साथीला फक्त पियानो.

दुःखी गाणं म्हणजे मायनर स्केल, असं आपण ठोकून देतो. हे चक्क ए मेजरमध्ये आहे. म्हणजे पेटीवर पांढरी सहाचा सा धरा, पुढे बिलावलचे शुद्ध स्वर!

मग रडवतं कोण? 2012 साली वॉल स्ट्रीट जर्नलने उत्तर छापलं: अपोजियातुरा. कॉर्डशी न जुळणारा स्वर ऐन ठोक्यावर येतो, रेंगाळतो आणि मग शेजारच्या जुळणाऱ्या स्वरावर उतरतो. आपल्या कणस्वराचा चुलतभाऊ म्हणा. फक्त कण शिवून निघून जातो, हा ठाण मांडतो. कानावर आधी ताण, मग सुटका. याला आधार जॉन स्लोबोडा यांच्या 1991 च्या अभ्यासाचा. 83 जणांना विचारलं होतं की संगीतातल्या कुठल्या जागी रडू येतं, कुठे काटा येतो. रडू येणाऱ्या जागांत अपोजियातुरा वारंवार सापडला.

इथे मला खटकतं. त्या जागा बहुतांशी पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या होत्या. ॲडेलच्या वळणांना अपोजियातुरा म्हणायचं का, यावरही जाणकारांनी वाद घातला. शिवाय न रडवणाऱ्या गाण्यांतही तो असतोच की.

मला जास्त पटते ती ध्रुवपदाची उसळी. कडव्यात आवाज खाली, बोलल्यासारखा. मग एकदम वर. 2011 मध्येच मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं की आवडत्या संगीतात काटा येण्याच्या क्षणी मेंदूत डोपामिन सुटतं, आणि त्याआधी, नुसती वाट पाहतानाही सुटतं, पण वेगळ्या भागात. (अभ्यास काट्याचा होता, रडण्याचा नव्हे.) पाठ असलेलं गाणं म्हणूनच जास्त लागत असावं. उसळी कुठे येणार, हे तिला ठाऊक आहे.

हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी गाण्यामुळे रडते, त्याच्यामुळे नाही?"

हे वेगळं करायचं तर हे गाणं कधीच न ऐकलेली आणि एकदाही ब्रेकअप न झालेली माणसं लागतील. पुण्यात कुणी सापडलं तर कळवा.