ई.जी.आर. बिघाडाचा संकेतांक : झडप बदलण्यापूर्वी काय तपासावे?

भाजीपाला, फळे व दूध बाजारात पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी बंधूंनी स्वतःचे डिझेल पिकअप वाहन घेतले आहे. ऐन तोडणीच्या हंगामात एखाद्या सकाळी या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. भरलेली गाडी चढावर ओढत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की 'पी ०४०१' असा संकेतांक दिसतो आणि 'ई.जी.आर. झडप गेली, नवीन टाका' असा सल्ला मिळतो. काही हजार रुपये खर्चून झडप बदलली जाते आणि आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागतो. असे होऊ नये म्हणून या संकेतांकाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

ई.जी.आर. यंत्रणेचे कार्य

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याचे काम ही यंत्रणा करते. या धुरात प्राणवायू कमी असल्याने ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी तयार होतात. डिझेल मोटारींसाठी या वायूंची मर्यादा भारत स्टेज ४ मध्ये दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरनाही 'ट्रेम ४' मानके लागू झाली. त्यामुळे ही यंत्रणा आता काही ट्रॅक्टरमध्येही आढळते.

संकेतांक काय सांगतो?

* पी ०४०१ : अपेक्षेपेक्षा कमी धूर परत येत आहे.
* पी ०४०२ : अपेक्षेपेक्षा जास्त धूर परत येत आहे.
* पी ०४०३ : झडपेच्या विद्युत मंडलात बिघाड.
* पी ०४०४ : झडप हुकुमाप्रमाणे हालत नाही.
* पी ०४०५ व पी ०४०६ : झडपेच्या सेन्सरचा संदेश अनुक्रमे फार कमी किंवा फार जास्त.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पी ०४०१ म्हणजे 'झडप खराब' असे नव्हे. झडप उघडली की परत आलेला धूर जागा व्यापतो आणि तेवढी ताजी हवा कमी आत जाते. अनेक डिझेल गाड्यांत ही घट हवामापक सेन्सरवरून ताडून पाहिली जाते. त्यामुळे सेन्सरवर धूळ बसली, नळी फुटली किंवा धुराचा मार्ग काजळीने बुजला, तरीही हाच संकेतांक येतो. पिकाचे पान पिवळे पडले म्हणजे दर वेळी नत्राचीच कमतरता नसते, तसेच हे आहे.

तपासणीचा क्रम

कमी खर्चाची तपासणी आधी करावी.

१) सर्व संकेतांक लिहून घ्यावेत, लगेच पुसू नयेत. सोबत पी ०१०१ (हवामापक सेन्सर) असल्यास आधी त्याचा शोध घ्यावा.

२) इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टर, हवेच्या नळ्या व क्लिपा पाहाव्यात. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी राहत असल्यास उंदरांनी वायर कुरतडली आहे काय, हे अवश्य पाहावे. झडपेचा प्लग काढून त्यात गंज किंवा ओल आहे का ते तपासावे.

३) झडप व्हॅक्यूमवर चालणारी असल्यास बारीक रबरी नळीला चीर आहे का ते पाहावे. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर झडप हालली पाहिजे व काटा स्थिर राहिला पाहिजे. तसे झाले तर पडदा ठीक आहे. मग व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड तपासावा. झडप विजेवर चालणारी असल्यास स्कॅनरवरून ती उघडण्यास-मिटण्यास सांगावे व हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक पाहावा.

४) झडप काजळीने अडकली असल्यास ती काढून योग्य क्लीनरने स्वच्छ करावी. मोटारीच्या भागात क्लीनर जाऊ देऊ नये. पेचकसाने जोरात खरवडू नये. जोडताना नवे गॅस्केट वापरावे.

५) झडपेबरोबर धुराचा मार्ग व कूलरही पाहावा. झडप स्वच्छ पण मार्ग बुजलेला, हे दिवा परत लागण्याचे नेहमीचे कारण आहे.

६) काम झाल्यावर संकेतांक पुसून गाडी हळू व वेगात, दोन्ही प्रकारे चालवावी. संगणकाची स्वतःची तपासणी पूर्ण होण्यास एकाहून अधिक फेऱ्या लागू शकतात. काही गाड्यांत झडपेची बंद स्थिती स्कॅनरने नव्याने नोंदवावी लागते.

बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल व पांढरा धूर येत असेल, तर ई.जी.आर. कूलर फुटल्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी चालवू नये. पाणी इंजिनात शिरून मोठे नुकसान होते.

मार्ग बंद करू नये

काही ठिकाणी धुराच्या मार्गात पत्रा बसवून यंत्रणा बंद केली जाते. त्यामुळे धूर मुळीच परत येत नाही आणि संगणक पुन्हा पी ०४०१ दाखवितो. पी.यू.सी. तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. म्हणून प्रमाणपत्र मिळाले तरी गाडी निर्दोष ठरत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने प्रदूषण मानके मोडल्याबद्दलचा दंड १०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आला.

काळजी

धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच पाहावा. माल भरताना इंजिन तासन्‌तास चालू ठेवू नये. शिफारस केलेलेच ऑइल वापरावे. केवळ गावातल्या गावात फिरणारी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी.

गॅरेजमध्ये झडप बदलण्याचा सल्ला मिळाल्यास 'नळी, प्लग, सेन्सर आणि मार्ग तपासला का?' एवढे अवश्य विचारावे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच ही तपासणी करून घेतल्यास अनावश्यक खर्च टळेल व माल वेळेवर बाजारात पोहोचेल.