धुळ्याचा भाव ३२ रुपयांनी का उतरला? डीबगरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम घेऊ. खानदेशातल्या गावांचे कापसाचे भाव नोंदवायचे आहेत. एका स्ट्रक्चरमध्ये गावाच्या नावासाठी १२ बाइटची कॅरेक्टर अ‍ॅरे आहे आणि तिला लागून भावासाठी एक इंटिजर. प्रोग्राम आधी भाव विचारतो, मग स्कॅनएफने गावाचे नाव देवनागरीत घेतो. नेर, धुळे आणि जळगाव या तिन्ही गावांना क्विंटलला ७२०० हाच भाव भरला. नेरसमोर ७२०० आले. धुळ्यासमोर ७१६८ आले. जळगावसमोर आले १,१९,०४,२२४!

प्रोग्राम बंद पडला नाही आणि कंपायलरनेही काही तक्रार केली नाही. जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले अशा ठिकाणी अडली की बहुधा प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून बघतात, नाहीतर मित्राचा कोड उतरवून घेतात. वास्तविक हे काम डीबगरचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला जीडीबी फुकट मिळतो, लिनक्सवर एका आज्ञेत बसतो आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. तरी त्याच्याविषयी आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : डीबगर चूक शोधून दुरुस्त करून देतो.

वस्तुस्थिती : डीबगर चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि त्या क्षणी मेमरीत काय आहे ते दाखवतो. चूक ओळखायची आपणच.

वरच्या प्रोग्रामला जीडीबीत थांबवून स्ट्रक्चर छापून पाहिले, तर गावाच्या रकान्यात ‘जळगा’ एवढेच दिसते. ‘व’ कुठे गेला? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, उकार हीही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘जळगाव’ची पाच चिन्हे म्हणजे १५ बाइट, शिवाय शेवटचा शून्य बाइट. १२ बाइटच्या जागेत १६ बाइट कोंबले गेले. ‘व’चे तीन बाइट आणि तो शून्य भावाच्या चार बाइटवर जाऊन बसले. तेच चार बाइट संख्या म्हणून वाचले की १,१९,०४,२२४ होतात.

‘धुळे’ची चिन्हे चार, म्हणजे बरोबर १२ बाइट. फक्त शेवटचा शून्य बाहेर पडला आणि त्याने भावाचा सर्वांत खालचा बाइट पुसला. ७२०० मधला तो बाइट ३२ चा होता, म्हणून उरले ७१६८. ‘नेर’ १० बाइटमध्ये मावले आणि वाचले. चाचणी फक्त नेर टाकून घेतली असती, तर प्रोग्राम बिनचूक ठरला असता.

गैरसमज : जागोजागी प्रिंटएफ टाकले की डीबगरची गरज नाही.

वस्तुस्थिती : प्रिंटएफ उपयोगी आहेच, पण इथे ते फसवते. त्याने गावाचे नाव छापले तर ‘जळगाव’ असे पूर्ण आणि शुद्ध छापले जाते, कारण ते अ‍ॅरेची हद्द पाहत नाही. शून्य बाइट भेटेपर्यंत ते वाचत राहते आणि तो शून्य शेजारच्या भावात सापडतो. नाव ठीक दिसल्यावर नावावर संशय घेणार कोण?

दुसरी अडचण बफरची. आउटपुट फाइलमध्ये वळवलेले असेल आणि प्रोग्राम मध्येच कोसळला, तर आधी छापलेल्या ओळीही बफरमध्येच राहून जाऊ शकतात. मग चूक आहे त्यापेक्षा बरीच आधी घडली असे वाटते. जीडीबीत ‘बॅकट्रेस’ दिले की कोसळण्याची नेमकी जागा आणि तिथवर आलेल्या फंक्शनची साखळी मिळते.

आपल्या उदाहरणात खरा उपाय वॉचपॉइंटचा. ‘भाव बदलला की थांब’ असे सांगायचे. धुळ्याचे नाव भरताना जीडीबी थांबतो आणि जुनी किंमत ७२००, नवी ७१६८ असे दाखवतो. थांबलेला असतो तो स्कॅनएफच्या पोटात, म्हणजे गुन्हेगार सापडला. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये अशा पहाऱ्यासाठी चार खास रजिस्टर असतात. त्यामुळे चारपर्यंत पहारे लावले तरी प्रोग्राम जवळजवळ मूळ वेगानेच चालतो.

गैरसमज : आमच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे, त्यात डीबगर नसतो.

वस्तुस्थिती : कित्येक लॅबमध्ये अजून डॉसबॉक्सवर ती निळी खिडकी उघडते. मुलांना कंट्रोल-एफ९ आणि ऑल्ट-एफ५ पाठ असते. त्याच खिडकीत एफ७ने फंक्शनच्या आत शिरता येते, एफ८ने एकेक ओळ पुढे जाता येते, कंट्रोल-एफ८ने ब्रेकपॉइंट म्हणजे थांबण्याची खूण लावता येते आणि कंट्रोल-एफ७ने व्हेरिएबलवर नजर ठेवता येते. साधन होते, दाखवले गेले नाही, एवढेच. मात्र तिथला इंटिजर १६ बिटचा आहे आणि युनिकोडचा पत्ता नाही. आजच्या कामासाठी जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी यांच्याकडे वळावेच लागते.

गैरसमज : व्हीएस कोडमधला हिरवा बाण म्हणजेच डीबगर.

वस्तुस्थिती : तो बाण दर्शनी भाग आहे. लिनक्सवर सीचा प्रोग्राम चालवताना त्याच्यामागे बहुधा जीडीबी राबत असतो. एडिटर आणि डीबगर यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून मायक्रोसॉफ्टने डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉल म्हणजे डॅप आणला. डिसेंबर २०२३ मधल्या जीडीबी १४ पासून जीडीबीला स्वतःला डॅप बोलता येऊ लागले. आता डॅप जाणणारा एडिटर मधल्या दुभाष्याशिवाय थेट जीडीबीशी जोडता येतो. एडिटर नकोच असेल, तर जीडीबीतच कंट्रोल-एक्स आणि मग ए दाबा. पडद्याच्या वरच्या भागात सोर्स कोड उघडतो.

गैरसमज : नवी आवृत्ती निघाली की ती सगळीकडे चालते आणि आपल्याला आपोआप मिळते.

वस्तुस्थिती : नव्या आवृत्तीत काही गोष्टी येतात, काही जातात. वर पाहिलेले डॅप जीडीबी १४ मध्ये आले. पायथन २ सोबत बांधता येणारी शेवटची आवृत्ती मात्र जीडीबी १२ ठरली. कोणी जुन्या पायथनमध्ये जीडीबीसाठी स्क्रिप्ट लिहून ठेवल्या असतील, तर नव्या आवृत्तीसाठी त्या बदलाव्या लागतात.

हाती कोणती आवृत्ती येते ते ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरते. उबुंटू २२.०४ सोबत जीडीबी १२ येतो, म्हणजे त्यात डॅप नाही. उबुंटू २४.०४ सोबत १५ येतो. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपच्या लॅपटॉपवर तिथलेच प्रोग्राम तपासायला एलएलडीबी हा दुसरा डीबगर वापरावा लागतो. विंडोजवर मिन-जीडब्ल्यूसोबत जीडीबी चालतो. पण कन्सोल यूटीएफ-८ वर नसेल तर ‘ज’ऐवजी \३४०\२४४\२३४ अशा संख्या दिसू शकतात. त्या ‘ज’चेच तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. मजकूर बिघडलेला नसतो.

गैरसमज : प्रोग्राम ज्या मशिनवर चालतो, डीबगरही तिथेच हवा.

वस्तुस्थिती : डीबगर चालतो ते होस्ट आणि तपासला जाणारा प्रोग्राम चालतो ते टार्गेट. ही दोन वेगळी असू शकतात, आणि प्लॅटफॉर्म सपोर्टची यादी वाचताना हा फरक धरूनच वाचावी लागते. रास्पबेरी पायवर जीडीबीसर्व्हर चालवून लॅपटॉपवरून त्याला जोडता येते.

शेवटच्या वर्षाला केळीच्या बागेतला ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारा प्रकल्प करणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे. आर्डुइनो उनोच्या बोर्डावर डीबगिंगचे हार्डवेअर नाही, वेगळे उपकरण लागते. म्हणून सगळे सिरियल मॉनिटरवर भागवतात. ईएसपी३२-सी३ या चिपमध्ये मात्र ती सोय आतच आहे. यूएसबी केबल, चिप आणि जीडीबी यांना जोडणारा ओपनओसीडी हा प्रोग्राम आणि उत्पादकाने दिलेला जीडीबी एवढ्यावर काम होते.

ही चिप रिस्क-फाइव्ह आर्किटेक्चरची आहे. जीडीबीत त्याचा आधार २०१८-१९ मध्ये ८.२ आणि ८.३ या आवृत्त्यांतून आला. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे भारतीय प्रोसेसरही रिस्क-फाइव्हचेच. प्लॅटफॉर्मच्या यादीत एका नावाची भर पडते, तेव्हा त्यामागे अशी सगळी मंडळी उभी असतात.

गैरसमज : एक ओळ पुढे गेलो की मागे येता येत नाही.

वस्तुस्थिती : २००९ च्या जीडीबी ७.० पासून मागे येता येते. आधी नोंदणी सुरू करायची, मग ‘रिव्हर्स-स्टेप’ने उलटे चालायचे. पण नोंदणीमुळे प्रोग्राम खूप मंदावतो आणि प्रोसेसरच्या काही आधुनिक सूचना बऱ्याच आवृत्त्यांना नोंदवता येत नसत. लांब चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मोझिलात सुरू झालेले आरआर हे साधन अधिक सोयीचे. तेही जीडीबीच्याच आज्ञा वापरते.

गैरसमज : डीबगर ओळी सोडून उड्या मारतो, म्हणजे त्यातच बिघाड आहे.

वस्तुस्थिती : कंपायलरने वेगासाठी कोडची फेरमांडणी केलेली असते. काही व्हेरिएबल तर उरतच नाहीत. शिकताना जीसीसीला -जी आणि -ओ० हे पर्याय द्यावेत. -जी नसेल तर जीडीबीला ओळींचे क्रमांक आणि व्हेरिएबलची नावे कळत नाहीत.

आपल्या प्रोग्रामची दुरुस्ती दोन ठिकाणी आहे : नावाची जागा ६४ बाइट करायची आणि स्कॅनएफला ६३ ची मर्यादा घालायची. म्हणजे देवनागरीची २१ चिन्हे मावतात. जागा १२ च ठेवून नुसती ११ ची मर्यादा घातली, तर भाव वाचतो, पण ‘धुळे’च्या शेवटच्या मात्रेचा एक बाइट कापला जातो.

आणि नवी आवृत्ती घ्यायची की नाही? तिच्यातल्या बदलांची आणि प्लॅटफॉर्मची यादी वाचताना तीनच गोष्टी पाहाव्यात : आपला होस्ट त्यात आहे का, आपले टार्गेट आहे का आणि आपण वापरतो ते काही काढून टाकले आहे का. तिन्ही उत्तरे सोयीची असतील तर घ्यावी. धुळ्याचे ३२ रुपये शोधण्यासाठी मात्र थांबायचे कारण नाही. ब्रेकपॉइंट, वॉचपॉइंट आणि बॅकट्रेस लॅबमध्ये आज असलेल्या जीडीबीतही आहेत.