डॉक्टर, आधी विचारा, मग सांगा!

तुमच्या घरातही अशी एखादी व्यक्ती नक्की असेल. डॉक्टरांसमोर ती शहाण्या मुलासारखी मान डोलावते. 'हो हो, उद्यापासून बंद!' आणि घरी आल्यावर? साखरेचा डबा, तंबाखूची पुडी, लोणच्याची बरणी, सगळं जिथल्या तिथे.

आमच्या घरात ती व्यक्ती म्हणजे माझी आजी.

आम्ही रायपूरचे. इथल्या तात्यापारा भागात जुनी मराठी घरं आहेत, त्यांतलंच एक आमचं. आजी लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आली, ती मिश्रीची सवय सोबत घेऊनच. रायपुरात मिश्रीची जागा गुडाखूने घेतली. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची मळी यांची काळपट पेस्ट. छोट्या डबीत मिळते आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासतात. छत्तीसगडमध्ये सकाळी गुडाखू लावणाऱ्या कितीतरी बायका तुम्हाला दिसतील. त्यांच्या लेखी ते व्यसन नसतं, दात घासणं असतं.

आजीचं बीपी वाढलं म्हणून मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "कॅन्सर करून घ्यायचाय का? गुडाखू आजपासून बंद!" आजीने मान डोलावली. गोळ्या लिहून मिळाल्या. आम्ही बाहेर. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी खिडकीतली डबी गायब होती. मला वाटलं, सुटलं! आठवड्याने ती तांदळाच्या डब्यामागे सापडली. डॉक्टरांच्या सल्ल्याने बदल झाला होता, पण फक्त डबीच्या जागेत.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका दवाखान्यात बीपी मोजताना तिथल्या सिस्टरने सहज विचारलं, "अम्मा, दिवसातून किती वेळा लागतो गुडाखू? आणि एखाद्या दिवशी नाही लावला तर कसं वाटतं?"

आजी बोलायला लागली. सकाळी लावला नाही तर पोट साफ होत नाही, म्हणाली. आणि मग जरा थांबून म्हणाली, "आमचे हे गेल्यापासून दुपार खायला उठते गं. तेवढा वेळ जातो."

आम्ही सगळे त्याच घरात राहतो. पण हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ती सिस्टर स्वभावानेच प्रेमळ होती, की असं विचारणं कुणी शिकवू शकतं? थोडं वाचलं, तेव्हा कळलं की शिकवता येतं. आणि गंमत म्हणजे, याचं एक फार मोठं उदाहरण माझ्याच राज्यात आहे.

सल्ला बरोबर असतो, मग अडतं कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये एक अहवाल काढला होता. दीर्घकाळच्या आजारांत ठरलेले उपचार नीट पाळणारे रुग्ण श्रीमंत देशांतही सरासरी निम्मेच असतात, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे माझी आजी काही जगावेगळी नाही.

दोष फक्त रुग्णाचा म्हणावा, तर दुसरी बाजूही पाहा. अमेरिकेत १९८४ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं की, रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात. आपल्याकडे तर वेळेचीच मारामार. २०१७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा भारतात प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी एका रुग्णाला मिळणारा वेळ सरासरी दोन मिनिटांच्या आसपास निघाला. बाहेर रांग असताना डॉक्टर तरी काय करणार? 'बंद करा' म्हणणं हाच सगळ्यात जलद मार्ग.

तंबाखूचंच घ्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार छत्तीसगडमध्ये ३९ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होत्या. देशाची सरासरी होती साधारण २९ टक्के. त्याच पाहणीत देशभरातल्या बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश लोकांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी तो सोडायला सांगितलं होतं. म्हणजे बहुतेकांना सल्लाही मिळत नाही, आणि ज्यांना मिळतो त्यांनाही अनेकदा रागावूनच मिळतो.

विचारण्याचंही शास्त्र आहे

विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारू सोडू पाहणाऱ्यांसोबत काम करताना एक गोष्ट टिपली. आपण जितकं जोरात 'सोड' म्हणतो, तितकं समोरचा माणूस न सोडण्याची कारणं सांगू लागतो. घरी करून बघा. "तू व्यायाम करायलाच हवास," असं कुणालाही म्हणा. उत्तर 'पण'नेच सुरू होईल!

मिलरने १९८३ मध्ये यावर पहिला लेख लिहिला. पुढे १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत पुस्तक आलं. या पद्धतीला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, बदलाचं कारण डॉक्टरांनी सांगायचं नाही, ते रुग्णाच्याच तोंडून येऊ द्यायचं. आज जगभरात डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ यांना ही पद्धत शिकवली जाते. त्यात मुख्यतः चार गोष्टींचा सराव करून घेतात:

• मोकळा प्रश्न विचारणं. 'गोळ्या घेता ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' एवढंच येतं. 'गोळ्या घेताना काय अडचण येते?' असं विचारलं की खरं काय ते कळतं.

• जमलेल्या गोष्टीचं कौतुक करणं. 'चार दिवस चालायला गेलात? छान!' बाकीच्या तीन दिवसांचा हिशोब नंतर.

• ऐकलेलं परत बोलून दाखवणं. 'म्हणजे दुपारी एकटं वाटतं, तेव्हा जास्त लागतो.' माणसाला कळतं की आपलं म्हणणं पोहोचलं.

• शेवटी थोडक्यात सांगणं. काय बोललो, काय ठरलं, हे दोन वाक्यांत.

आणखी एक छान युक्ती आहे. 'शून्य ते दहामध्ये, सोडता येईल असं तुम्हाला किती वाटतं?' समजा रुग्ण म्हणाला, 'चार.' तर 'दहा का नाही?' असं विचारायचं नाही. 'चार का? दोन का नाही?' असं विचारायचं. मग माणूस आपणहून सांगू लागतो की त्याला का सोडायचंय. 'नातवंडं जवळ येत नाहीत, वास येतो म्हणतात,' असं काहीतरी त्याच्या मनातलं कारण बाहेर येतं. तेच कारण त्याला पुढे नेतं.

मितानिन: मैत्रीच्या नात्यातून आरोग्य

आता त्या मोठ्या उदाहरणाकडे येते. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालं. जंगलपट्ट्यातली दूरदूरची गावं, डॉक्टर थोडे आणि बालमृत्यूंचं प्रमाण मोठं. २००२ मध्ये इथे मितानिन कार्यक्रम सुरू झाला. त्याला साहाय्य करायला रायपुरात राज्य आरोग्य संसाधन केंद्र उभं राहिलं. प्रत्येक पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, तिथल्याच लोकांनी एक बाई निवडायची आणि तिला आरोग्याचं शिक्षण द्यायचं, अशी कल्पना. निवडीच्या आधी कलाजत्थे गावोगाव फिरले. गाणी आणि नाटकांतून लोकांना हे काम समजावलं गेलं.

नावही किती विचार करून ठेवलंय बघा. छत्तीसगडमध्ये 'मितान' बदण्याची जुनी रीत आहे. दोन माणसं विधिपूर्वक एकमेकांचे मित्र होतात आणि ते नातं सख्ख्या नात्यासारखं जन्मभर पाळतात. मितानिन म्हणजे अशी मैत्रीण. इन्स्पेक्टर नव्हे, मॅडम नव्हे, मैत्रीण! अशा साधारण ७० हजार मितानिनी आज राज्यात आहेत. २००५ मध्ये देशभर 'आशा' कार्यकर्त्या आल्या, त्यामागेही या अनुभवाचा मोठा वाटा होता.

मितानिन घरात शिरते तेव्हा आधी छत्तीसगडीत विचारते, "का साग रांधे हस?" आज काय भाजी केलीस? वरवर साध्या गप्पा. पण त्या उत्तरातूनच घरात काय शिजतं, गरोदर सून काय खाते, हे तिला कळतं. बाळाला पहिलं चिकाचं दूध पाजायचं की फेकून द्यायचं, हा प्रश्न पत्रक वाटून सुटत नाही. तिथे सासूचं म्हणणं ऐकावं लागतं, शेजारणीची भीती समजून घ्यावी लागते.

त्यांच्या प्रशिक्षणातही शिकण्यासारखं आहे. एकदाच वर्ग भरवून प्रमाणपत्र हातात दिलं, असं नाही. काही दिवसांचं शिक्षण, मग गावात काम, मग पुढची फेरी, असं ते वर्षानुवर्षं चालतं. शिवाय मितानिन प्रशिक्षक गावात येऊन सोबत घरभेटी करतात आणि अडलं तिथे मदत करतात. हेच खरं मर्म आहे. मिलर यांच्या पद्धतीवरच्या अभ्यासांतही असंच दिसलं: नुसत्या एका कार्यशाळेत शिकलेलं हळूहळू विरून जातं, नंतर कुणी काम पाहून सूचना देत राहिलं तरच टिकतं.

महाराष्ट्रातही हे अनुभव आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देऊ लागल्या.

आणि डॉक्टरांचं काय?

एक चांगली बातमी आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचं शिक्षण सक्तीचं झालं आहे. रुग्णाशी कसं बोलायचं याचा सराव विद्यार्थी आता करतात.

'पण वेळ कुठाय?' हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखूसाठी सुचवलेली पद्धत तीन ते पाच मिनिटांची आहे: विचारा, स्पष्ट सल्ला द्या, तयारी किती आहे ते पाहा, मदत करा आणि पुन्हा कधी भेटायचं ते ठरवा. डॉक्टरांना तेवढंही शक्य नसेल तर नर्स करू शकते, समुपदेशक करू शकतो. आजीशी बोलणारी सिस्टर बीपीच्या यंत्राचा पट्टा बांधता बांधताच बोलत होती!

घरी तुम्ही काय करू शकता?

• टोमणे थांबवा. 'पुन्हा खाल्लंस ना?' असं म्हटलं की सवय जात नाही, फक्त लपते. आमच्या डबीसारखी.

• एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. 'हे सोडताना सगळ्यात अवघड काय वाटतं?' उत्तर पूर्ण ऐका.

• छोटं पाऊल ठरवा. 'आयुष्यभर बंद' ऐवजी 'दुपारचा एक वेळ बंद.'

• डॉक्टरांना खरं सांगा. 'हो हो' म्हणण्यापेक्षा 'मला हे जमत नाहीये, काय करू?' असं विचारा. तो तुमचा हक्क आहे.

• मदत घ्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. तंबाखूच्या पाकिटावरच तो नंबर छापलेला असतो.

• घसरलं तर पुन्हा सुरू करा. सवय सुटताना माणूस अनेकदा मागे येतो. ते अपयश नाही, वाटेतला टप्पा आहे.

आमच्या आजीचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय लेख संपवता येणार नाही. सिस्टरने तिला विचारलं होतं, "यातला कुठला वेळ सोडणं सोपं वाटतं?" आजी म्हणाली होती, "रात्रीचा." तिथून सुरुवात झाली. मग दुपारचा वेळ आला. आता जेवण झालं की मी किंवा आई तिच्यापाशी बसतो. ती साताऱ्याच्या गोष्टी सांगते, आम्ही शेंगा सोलतो. सकाळचा गुडाखू अजून सुटलेला नाही. खोटं कशाला सांगू?

पण डबी आता तांदळाच्या डब्यामागे नसते. खिडकीतच असते, सगळ्यांसमोर. आणि परवा आजी स्वतःहून म्हणाली, "पुढच्या वेळी त्या सिस्टरकडेच जाऊया. सकाळचं काय करायचं ते तिला विचारते."