फाशीची मागणी आणि आपण

२००६ साली खैरलांजीच्या हत्याकांडानंतर निघालेल्या मोर्चात मीही होतो. ‘खुन्यांना फाशी द्या’ ही घोषणा मी घसा फुटेपर्यंत दिली. तिची मला आजही लाज वाटत नाही. एका घरातली चार माणसे गावातलेच लोक जमून मारतात, तेव्हा माणसाने दुसरे काय मागावे? पण ती मागणी योग्य होती काय, याचा विचार आपण कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठजणांना दोषी धरून सहाजणांना फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिच्याऐवजी २५ वर्षांची कैद दिली. फाशी गेली म्हणून आपण संतापलो. खरी हार मात्र फाशी सुनावली गेली तेव्हाच झाली होती. हा गुन्हा जातीच्या कारणाने घडल्याचे सत्र न्यायालयाने मानले नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. म्हणजे सहाजण फासावर गेले असते, तरी जातिव्यवस्था निर्दोषच सुटली असती!

आता दुसरी बाजू पाहा. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि पाच खून असा भयानक गुन्हा घडला. त्यात भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळेच चारजण ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास शासनाला सांगितले. सोळा वर्षे गेली होती. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर भरपाई कोणाच्या हातात ठेवली असती?

१९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणापुरती ठेवली. न्यायमूर्ती भगवती यांनी विरोधी मत दिले: ही शिक्षा मुख्यतः गरिबांच्याच वाट्याला येते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. चांगला वकील नसणे, पोलिसांच्या वहीत जन्मापासूनच संशयित असणे, हीच त्यांची ‘दुर्मीळता’!

बाबासाहेबांनी जून १९४९ मध्ये घटना समितीत आपले मत मांडले होते. फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे की नसावे, या वादात पडण्यापेक्षा फाशीच रद्द करणे त्यांना पसंत होते. हा देश अहिंसेला नैतिक आदेश मानतो, हे त्यांनी त्याचे कारण दिले.

‘मग मारेकरी सुटून गावात परत आले तर?’ असे मला एका विद्यार्थ्याने विचारले. त्याची भीती खरी आहे. म्हणूनच आपली मागणी अधिक कठोर हवी: तपास प्रामाणिक व्हावा, गुन्ह्याचे जातीय कारण निकालपत्रात नोंदवले जावे, कैदेत सूट नसावी, पीडितांना जमीन आणि संरक्षण मिळावे. हे सारे देण्यापेक्षा एखाद्याला फासावर चढवणे शासनाला सोपे जाते. ती सोपी वाट आपण त्याला दाखवू नये.